वजनकाट्यावर छापलेला प्रबंध

त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं कॉम्प्युटरची सिस्टिम बदलली. दुपारी प्रिंटर बिथरला. शनिवारी मला प्रबंध विद्यापीठात द्यायचा होता.

ते जाऊन आता वर्ष होत आलं. भेटायला येणारे त्यांच्याबद्दल विचारतात आणि मी काहीतरी शोभेसं सांगते. शिस्तीचे होते, कुणाचं मन दुखवलं नाही, वगैरे. खोटं काहीच नाही त्यात. पण एकटी बसले की मला तो प्रिंटरचा आठवडा आठवतो आणि हसू फुटतं. परवा जाऊबाईंनी मला स्वयंपाकघरात अशी एकटीच हसताना पाहिलं. त्यांनी गॅसवर चहा ठेवला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी चहा प्याले. प्रिंटरला हसत होते, हे सांगायला धीर झाला नाही. म्हणून लिहिते आहे.

आधी नावाचं सांगायला हवं, कारण सगळं नावापासून सुरू झालं.

हे विद्यापीठात एम.ए. करत होते तेव्हा नामांतराचं आंदोलन पेटलेलं होतं. घर धनगराचं, बिडकीनच्या पलीकडचं. गावातले लोक म्हणायचे, तुला रे काय करायचंय त्या नावाशी, तू आपली मेंढरं बघ. पण होस्टेलवर यांच्या खोलीत राहणाऱ्या मित्राचं गावातलं घर दंगलीत जळालं. तो जो घरी गेला तो शिकायला परत आला नाही. त्याची वळकटी कितीतरी दिवस खोलीत तशीच पडून होती. यांनी मोर्चात गुडघ्यावर लाठी खाल्ली, काही दिवस हर्सूलच्या जेलात काढले, आणि परीक्षा बुडाली ती बुडालीच. वाळूजला तेव्हा एकामागून एक कंपन्या येत होत्या. हे मेंटेनन्सला लागले. पुढे आमचं लग्न झालं. मी कॉलेजात मराठी शिकवायची. मेंढपाळांच्या बोलीवर पीएच.डी. करायचं ठरवलं, तेव्हा सर्वांत जास्त आनंद यांना झाला आणि अटही यांचीच पडली. जुन्या नावाचा प्रबंध मी बायंडिंगला नेणार नाय, असं त्यांनी जाहीर केलं.

माझंही मत तेच होतं. फक्त मी ते इतक्या मोठ्यानं म्हणत नव्हते. शिवाय, खरं सांगायचं तर, माझं लिहूनही झालं नव्हतं.

एका संक्रांतीला ते नाव आलं. यांनी कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना तिळगूळ वाटला, ज्यांच्याशी नावावरून भांडणं झाली होती त्यांना दोनदा. मग मात्र माझ्यापुढे सबब उरली नाही. कंपनीनं लिलावात काढलेला एक कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांनी घरी आणला आणि मी टाइप करायला बसले. दिवसभर कॉलेज, मग स्वयंपाक, मग मेंढरं. सासूबाई शेजारी बसून एकेक शब्द सांगायच्या, मी तो टाइप करून दाखवायची. वाचता येत नसलं तरी पडद्यावर शब्द उमटला की त्या मान डोलवायच्या, जणू ओळख पटली. टाइप करता करता आणखी दोन वर्षं गेली. विद्यापीठाकडून मिळालेली शेवटची मुदतवाढही संपत आली. त्या शनिवारी प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, मग सगळं पहिल्यापासून.

त्या आठवड्याच्या मंगळवारी आम्ही पहिलं पान छापलं. पान सुरेख आलं, पण विद्यापीठाचं नाव दोन ओळींत मोडलं. नाव लांब, आणि आमच्या जुन्या सिस्टिममध्ये मराठी अक्षरांचे आकार मोजकेच. एक लहान, एक मोठा, आणि एक लग्नपत्रिकेला शोभेल एवढा. मोठ्या अक्षरात नाव एका ओळीत मावेना. लहान अक्षरात मावायचं, पण मग नावापेक्षा माझ्या विषयाचं अक्षर मोठं दिसायचं.

यांनी पान उजेडात धरलं. कंपनीतली स्टीलची पट्टी आणून ओळ मोजली. मग म्हणाले, "एवढी वर्षं भांडलो ते काय नावाचे दोन तुकडे करायला?"

मी म्हटलं, दोन ओळी चालतात, सगळ्यांच्या तशाच असतात. त्यांनी ऐकल्यासारखं केलं.

बुधवारी मी कॉलेजातून आले तेव्हा टेबलावर फ्लॉप्यांची चळत होती आणि पडद्यावर निळं आभाळ होतं. क्रांती चौकातल्या कॉम्प्युटरवाल्याकडून यांनी नवी सिस्टिम आणली होती. तिच्यात अक्षर हवं तेवढं लहान-मोठं करता येत होतं. मराठीचा प्रोग्रॅम चालत होता, माझ्या फाइल उघडत होत्या, मेंढरं जागच्या जागी होती. यांनी पहिलं पान उघडलं, अक्षर अगदी थोडंसं बारीक केलं, आणि अख्खं नाव एका ओळीत, या कडेपासून त्या कडेपर्यंत, ताठ उभं राहिलं. मलाही भरून आलं, नाही म्हणणार नाही. सासूबाईंनी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं. काचेवर बोट फिरलं तसं ते आभाळभर पसरलं.

"आता छापतो," हे म्हणाले.

प्रिंटर गुरगुरला, त्याचं डोकं इकडून तिकडे गेलं आणि पान बाहेर आलं. पानाच्या डोक्याशी एकच ओळ होती. तिच्यात एक हसरा चेहरा, दोन बदाम, एक किलवर, काही बाण, आणि पुन्हा एक हसरा चेहरा. खाली सगळं कोरं. मग आणखी एक ओळ, आणखी चेहरे. तो सलग घडीचा कागद होता, कडेला भोकं असलेला. एकदा सुटला की सुटला. यांनी बटण दाबलं, थांबेना. वायर उपटली, पुन्हा लावली, तर राहिलेलं आठवून तो पुन्हा सुरू झाला. कागद टेबलावरून खाली उतरला, पलंगाखाली गेला आणि दाराकडे निघाला.

सासूबाईंनी एक पान उचलून दूर धरलं. "ह्ये तर पत्ते हायेत. तुझ्या मेंढरांचं लिवायचं सोडून पत्ते कामून छापायलीस गं?"

माझी सहा-सात वर्षं त्या कागदावर बदाम-किलवर होऊन चालली होती. रडायला येईल असं वाटलं आणि आलं ते हसू. हसताना माझा आवाज होत नाही, फक्त खांदे हलतात. यांना वाटलं मी रडते आहे. ते घाबरून माझ्यासमोर उकिडवे बसले, माझं तोंड बघितलं, आणि मग त्यांनाही आवरेना. आमची हसण्याची ही अशी तऱ्हा बघून सासूबाई कागदाच्या घड्या घालायला लागल्या. कुरडया वाळत घालायला तो कागद पुढे कितीतरी उन्हाळे पुरला.

झालं होतं असं की प्रिंटर चालवायला सिस्टिममध्ये त्याचा ड्रायव्हर लागतो, म्हणजे त्या प्रिंटरची भाषा सिस्टिमला शिकवणारा एक लहानसा प्रोग्रॅम. जुन्या सिस्टिममध्ये तो होता. नवीत नव्हता. नवीनं दुसऱ्या प्रिंटरांची मोठी यादी दाखवली, त्यातला कुठला तरी जुळेल म्हणून यांनी एकेक लावून बघायला सुरुवात केली. एकानं अक्षरं आडवी झोपवली. एकानं प्रत्येक ओळीचा फक्त खालचा अर्धा भाग छापला, सगळे शब्द कमरेपासून खाली. एकानं अक्षरं इतकी ताणली की हे म्हणाले, मेंढरांचे उंट झाले. प्रत्येक पान बाहेर आलं की आम्ही दोघं वाकून बघायचो आणि पुन्हा तेच, खांदे. मुदत शनिवारी संपते आहे हे दोघांनाही पाठ होतं. त्यामुळे हसू जास्तच येत होतं.

गुरुवारी यांनी रजा टाकली. घरात आजारी कोण, असं सुपरवायझरनं विचारल्यावर यांनी प्रिंटर असं खरं ते सांगितलं आणि त्यानं ते थट्टा समजून सही केली. आम्ही क्रांती चौकात गेलो. कॉम्प्युटरवाला भला माणूस होता. त्यानं प्रिंटरचं मॉडेल ऐकलं आणि दुःखाची बातमी सांगावी तसा आवाज खाली आणला. "भाभी, प्रिंटर तुमारा अच्छाच हय. पन नये सिस्टमकू उसकी पैचान नै." ते मॉडेल निघायचं बंद झालं होतं. मुंबईला मागवून बघतो म्हणाला, आठ-दहा दिवस लागतील.

मग जुनी सिस्टिम परत टाकू, मी म्हटलं.

हे दुकानातल्या पंख्याकडे बघू लागले. जुन्या सिस्टिमच्या फ्लॉप्या त्यांनी पुसल्या होत्या. का, तर माझ्या प्रबंधाच्या जास्तीच्या प्रती ठेवायला. एक प्रत बिघडली तर दुसरी असावी, दुसरी बिघडली तर तिसरी. त्यांच्या कंपनीत प्रत्येक मशीनचा सुटा भाग आधीच कपाटात ठेवायची पद्धत होती आणि ती त्यांनी घरी लावली. प्रबंध इतका सुरक्षित कधीच नव्हता. फक्त तो छापता येत नव्हता.

दुकानदाराकडे जुनी सिस्टिम राहिली नव्हती, आणि इतर दुकानांतही नव्हती. त्या महिन्यात सगळ्या शहराला नव्या सिस्टिमचं वारं लागलं होतं. पैठण गेटपासून औरंगपुऱ्यापर्यंत आम्ही स्कूटरवरून दुकानं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी तेच निळं आभाळ आणि आम्हाला बघून आनंदानं पुढं येणारा माणूस. जुनं कुणाकडेच नाही, आणि नसल्याचा प्रत्येकाला अभिमान. शेवटच्या दुकानातून बाहेर आल्यावर हे पायरीवर बसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरलेला दिसला.

"माझं राहिलं ते राहिलं," ते म्हणाले. "तुझं बी माझ्यापायीच राहायलंय."

मी त्यांच्या शेजारी बसले. समोरून उसानं भरलेला ट्रक गेला, आणि तो गेला त्या दिशेला हे बघत राहिले. मग उठून उभे राहिले.

कंपनीच्या त्या लिलावात आमच्यासारखाच दुसरा सेटही निघाला होता. तो यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका मित्रानं घेतला होता. पुढे त्यानं नोकरी सोडून बिडकीनच्या रस्त्याला ट्रकांचा वजनकाटा टाकला. कॉम्प्युटर तिथं वजनाच्या पावत्या छापायचा. हे म्हणाले की त्या माणसानं आयुष्यात शर्टसुद्धा फाटल्याशिवाय बदलला नाही, तो सिस्टिम कशाला बदलेल.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. काट्यावरच्या प्रिंटरची रिबन इतकी झिजली होती की पावत्या फक्त ठरावीक ड्रायव्हरांनाच वाचता यायच्या, असं मित्रानं फोनवर सांगितलं. म्हणून आमचा प्रिंटरच न्यायचा ठरला. तो माझ्या मांडीवर, फ्लॉप्या मराठीच्या प्रोग्रॅमसकट पिशवीत, कागदाचा खोका पुढे यांच्या पायांत. त्यांचं माहेर त्याच बाजूला म्हणून सासूबाई एस.टी.नं आमच्या आधी जाऊन पोचल्या आणि काट्याच्या केबिनीत खुर्ची धरून बसल्या.

मशीन सुरू झालं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. तो ओळखीचा काळा पडदा बघून मला माहेरी आल्यासारखं झालं. प्रिंटर जोडला, पहिलं पान सोडलं. ते आलं. सगळे शब्द उभे, डोक्यापासून पायापर्यंत, एकही बदाम नाही. विद्यापीठाचं नाव अर्थात दोन ओळींत होतं.

मी यांच्याकडे बघितलं. त्यांनी पट्टी आणली नव्हती. पान हातात धरून त्यांनी नाव हळू वाचलं, पहिली ओळ, मग दुसरी. पुन्हा वाचलं.

"दोन ओळी बऱ्या हायेत," ते म्हणाले. "मधी श्वास घेता येतो."

मग दिवसभर छापणं चाललं. ट्रक आला की आमचा प्रोग्रॅम बंद करायचा, माझं पान फाडून घ्यायचं, मित्राचा पावतीचा कागद लावायचा, वजन, पावती, आणि पुन्हा आमची मेंढरं. कापसाचे ट्रक, उसाचे ट्रक, वाळूजला लोखंड नेणारे ट्रक. ड्रायव्हर खिडकीतून डोकावून विचारायचे, काय छापायलाव एवढं? मित्र सांगायचा, वहिनी मेंढरावर डॉक्टर व्हायल्यात. एका ड्रायव्हरनं गंभीरपणे विचारलं की त्याच्या भावाच्या मेंढरांना खुरांचा रोग झाला आहे, बाई बघतील का. सासूबाईंनी त्याला माझ्या वतीनं औषध सांगितलं.

ऊन उतरता उतरता शेवटचं पान छापून झालं. निष्कर्षाचा शेवटचा परिच्छेद, खाली अर्धं पान कोरं. ते अजून प्रिंटरमध्येच होतं. सासूबाई बाहेर जाऊन काट्यावर उभ्या राहिल्या होत्या. सकाळपासून त्यांना एकच विचारायचं होतं. "माझं वजन किती भरतं बघ की रे बाबा."

"मावशी, ह्यो काटा दहा-वीस किलोला मोजतच नाय," मित्र म्हणाला. "वजनदार मानसं आना."

मग हे स्कूटर घेऊन काट्यावर चढले. सासूबाईंना मागच्या सीटवर बसवलं. मला हाक मारली. मी नको नको म्हणत गेले, छापलेल्या प्रबंधाचा गठ्ठा छातीशी धरून. एवढ्या मोठ्या लोखंडी फळीवर आम्ही तिघं मधोमध, आणि मागे एक ट्रकवाला हॉर्न देतो आहे. केबिनीतून मित्र ओरडला, हलू नका, काटा ठरू द्या. तो ठरेना, कारण आम्ही हसत होतो. मी, हे, आणि आम्हाला बघून सासूबाईसुद्धा. शेवटी यांनी श्वास रोखला, आम्हीही रोखला, आणि आत प्रिंटर वाजला.

मित्र दारात आला. त्याच्या हातात माझं शेवटचं पान होतं आणि चेहऱ्यावर हसू नव्हतं. पान बदलायचं राहून गेलं होतं. माझ्या निष्कर्षाखाली, कोऱ्या जागेत, इंग्रजीत पावती छापली होती. गाडीचा नंबर स्कूटरचा. मालाच्या जागी त्यानं गमतीनं थीसिस असं टाकलं होतं. खाली वजन.

कागद संपला होता. खोक्यात उरला होता तो बदाम-किलवरचा वाया गेलेला. यांनी पान त्याच्या हातून घेतलं आणि म्हणाले, खालचा भाग कापून टाकू. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रांती चौकातल्या झेरॉक्सवाल्यानंही विचारलं, भाभी, यहाँ कोरा कागज लगाऊं क्या, छुप जाएगा. हे लगेच हो म्हणाले.

मी म्हटलं, "राहू द्या. ते आपलंच आहे."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. दोघांपैकी कुणी पुन्हा विचारलं नाही.

बायंडरनं प्रती बांधून दिल्या, पण डिंक ओला होता आणि दाब द्यायला वेळ नव्हता. रिक्षात त्या सारख्या उघडायला लागल्या. सासूबाईंनी त्या खाली सीटवर ठेवल्या, दोन्ही हात लावून पाया पडल्या, मग पदर सावरून त्यांच्यावर बसल्या. विद्यापीठाच्या गेटपर्यंत तशाच बसून राहिल्या. कचेरीत प्रबंध घेतला गेला. पोच मिळाली. बाहेर येऊन हे गेटवरचं नाव वाचत उभे राहिले. तिथं ते एका ओळीत होतं, तरी ते मधे थांबलेच.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी शेवटचं पान काढलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. हा कसला आकडा, त्यांनी विचारलं. मागच्या बाकावर हे इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

"क्षेत्रकार्यातला आहे, सर," मी म्हणाले.

मागे कुणाला तरी ठसका लागला, आणि तो बराच वेळ थांबला नाही. परीक्षकांनी पाणी द्यायला सांगितलं.

नव्या सिस्टिमचा ड्रायव्हर मुंबईहून आलाच नाही. पुढे तो कॉम्प्युटर भंगारात गेला, स्कूटर विकली, सासूबाई गेल्या. शेवटी शेवटी दवाखान्यात दर खेपेला यांना काट्यावर उभं करायचे. नर्स आकडा मोठ्यानं वाचायची आणि मी खिडकीबाहेर बघायची.

प्रिंटर माळ्यावर आहे. प्रबंध कपाटात आहे. पहिल्या पानावर विद्यापीठाचं नाव दोन ओळींत आहे, आणि शेवटच्या पानावर आम्हा तिघांचं वजन आहे, स्कूटरसकट.